बालकांची हालचाल आणि आपले जुने खेळ : बालरोग विभागामागील अंगणाविषयी

दरवर्षी या अहवालातून आम्ही खाटांची संख्या, शस्त्रक्रियांचा तपशील, औषधांवरील खर्च आणि देणग्यांचा विनियोग आपणापुढे मांडतो. यंदा त्याबरोबर एका अंगणाविषयीही लिहावयाचे आहे. मागील वार्षिक सभेत आपल्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी उभे राहून विचारले होते की, रुग्णांच्या नातेवाइकांना वाहने उभी करण्यास जागा मिळत नाही आणि बालरोग विभागामागील मोकळ्या जागेत तुम्ही मुलांना लंगडी घालावयास लावता, हे संस्थेच्या कोणत्या उद्दिष्टात बसते? प्रश्न रास्त होता. सभेत आम्हास त्याचे नीट उत्तर देता आले नाही, तेव्हा लेखी उत्तर देण्याचे आम्ही मान्य केले. ते हे.

प्रारंभीच सांगणे बरे की आमची पदवी वाणिज्य शाखेची आहे. पुढे जे वैद्यकीय विवेचन आले आहे ते आमच्या बालरोगतज्ज्ञांकडून समजावून घेतलेले आहे. ते सोप्या भाषेत मांडण्याचा प्रयत्न तेवढा आमचा.

बाह्यरुग्ण विभागात साडेतीन-चार वर्षांचे मूल घेऊन आई किंवा आजी येते. तक्रार ठरलेली असते : जेवत नाही, चिडचिड करतो, रात्री लवकर झोपत नाही. डॉक्टर तपासतात. आजार आढळत नाही. मग चौकशीत हळूहळू कळते की घर तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली वाहनतळ आहे, आई-वडील दोघेही नोकरी करतात, आजीचे गुडघे दुखतात आणि घास भरविताना हातात मोबाईल दिल्याशिवाय मूल तोंड उघडत नाही. डॉक्टर कागदावर औषधाच्या जागी लिहितात, 'रोज मोकळ्या जागेत खेळ'. आजी तो कागद घेऊन आमच्या खिडकीशी येते आणि विचारते, "साहेब, हे कुठे मिळेल?" पूर्वी हा प्रश्न ऐकून आम्ही हसत असू. पुढे लक्षात आले की औषध लिहून द्यावयाचे आणि ते आपल्या औषधालयात ठेवावयाचे नाही, असाच हा प्रकार होता.

या औषधाची मात्राही ठरलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील बालकांसाठी प्रथमच शारीरिक हालचाल, बैठेपणा आणि झोप यांविषयी एकत्रित मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार एक ते चार वर्षांच्या बालकाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावयास हवी, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांच्या बाबतीत त्यांतील किमान ६० मिनिटे धाप लागेल अशी जोरकस असावीत. रांगू न लागलेल्या तान्ह्या बाळास जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पालथे ठेवावे. बाबागाडीत वा खुर्चीत बांधून कोणत्याही बालकास सलग तासाभरापेक्षा अधिक काळ बसवू नये. दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसविणे टाळावे. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको, त्याहून कमी तर उत्तमच. पुढे २०२० मध्ये त्याच संघटनेने पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी सरासरी रोज ६० मिनिटांच्या जोरकस हालचालीचा आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामाचा पुरस्कार केला.

१८० मिनिटे म्हणजे तीन तास. हा आकडा वाचून पालक घाबरतात. पण हे तीन तास सलग नव्हेत. घरात इकडून तिकडे धावणे, जिना चढणे, पाण्याची छोटी बादली उचलून नेणे, पलंगाखाली शिरणे हे सारे त्यात मोडते. अडचण आहे ती जोरकस तासाची. दोन खोल्यांच्या घरात तो भरून निघत नाही.

येथे काही वाचक म्हणतील की आपल्या देशातील खरी समस्या कुपोषणाची. धष्टपुष्ट मुलांना पळविण्याची चिंता श्रीमंत देशांनी करावी. आम्हीही बरेच दिवस असेच समजत होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील पाच वर्षांखालील बालकांपैकी ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याच सर्वेक्षणात अतिवजनी बालकांचे प्रमाण ३.४ टक्के होते, जे चौथ्या फेरीत २.१ टक्के होते. दोन्ही गोष्टी एकाच देशात, कित्येकदा एकाच गल्लीत नांदत आहेत. त्याहून विचार करावयास लावणारे संशोधन तर आपल्या पुण्यातच झाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या अपत्यांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलोच्या आसपास. आपली बालके लहान, त्यांचे स्नायू तुटपुंजे. मात्र शरीरातील चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. दिसावयास कृश आणि आतून स्निग्ध, अशी ही ठेवण. अशा मुलाचे पुढे वजन वाढले आणि हालचाल कमी राहिली तर तरुण वयातच मधुमेहाचा धोका संभवतो. म्हणून 'आमचा बाळ्या तर काडीपहिलवान, त्याला व्यायाम कशाला' हा युक्तिवाद आमचे डॉक्टर मान्य करीत नाहीत. काडीपहिलवानालाच स्नायूंची अधिक गरज.

अर्थात आधी अन्न, मग अंगण. जे मूल दोन धावांत दमून खाली बसते त्यास आळशी म्हणण्यापूर्वी त्याचे रक्त तपासावे, असा आमच्या विभागाचा शिरस्ता आहे. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील ६७.१ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. रक्तात पुरेसे हिमोग्लोबिन नसेल तर स्नायूंना प्राणवायू कमी पोहोचतो आणि मूल खेळातून आपोआप अंग काढून घेते. अशा मुलास लोहाचे औषध आधी, आणि ताकद येईल तसा खेळ.

अंगणाच्या आरंभी आमच्या हातून दोन चुका झाल्या. हिशेब द्यावयाचा तर त्याही दिल्या पाहिजेत. पहिली अशी की, आम्ही सूचीपुस्तक पाहून प्लास्टिकची रंगीत घसरगुंडी आणि झुलता घोडा खरेदी केला. पहिले आठ दिवस झुंबड उडाली. नंतर असे दिसले की एक मूल घसरते आणि नऊ मुले रांगेत उभी राहतात. उन्हाळ्यात तर प्लास्टिक इतके तापे की दुपारी कोणी त्यास हात लावीना. म्हणजे हालचाल वाढविण्यासाठी आणलेल्या साधनाने मुलांना रांगेत उभे राहण्याचे शिक्षण दिले. ते तर आमच्या केस-पेपरच्या खिडकीशी विनामूल्य मिळतेच. दुसरी चूक अधिक लाजिरवाणी. मोटारींचे जुने टायर रंगवून आम्ही जमिनीत अर्धे पुरले, मुलांनी त्यांवरून उड्या माराव्यात म्हणून. पावसाळ्यात त्यांत पाणी साचले, डासांच्या अळ्या झाल्या आणि आरोग्य निरीक्षकांनी रुग्णालयालाच नोटीस बजाविली. डेंग्यूचे रुग्ण आत आणि डासांचे पाळणाघर मागे! टायर त्याच दिवशी निघाले.

त्यानंतर आमच्या परिचारिकांपैकी एका ज्येष्ठ भगिनींनी सुचविले की वस्तू आणण्यापेक्षा खेळ आणावेत. त्या कोकणातील. त्यांनी चुन्याने जमिनीवर एक रेघ मारली आणि तपासणीसाठी खोळंबलेल्या मुलांना 'तळ्यात-मळ्यात' खेळविण्यास सुरुवात केली. एका रेघेने जे काम केले ते घसरगुंडीने केले नव्हते. रेघेच्या एका बाजूस तळे, दुसऱ्या बाजूस मळा. पुकारा होईल तशी दोन्ही पाय जुळवून उडी मारावयाची. दहा मुले एकाच वेळी उड्या मारतात, कोणी रांगेत नसते.

याचे शास्त्रीय मर्म आम्हास डॉक्टरांनी समजाविले. मूल म्हणजे प्रौढ माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. आपण सकाळी पाऊण तास एका गतीने चालतो. मुलास हे जमत नाही आणि रुचतही नाही. त्याची स्वाभाविक हालचाल म्हणजे काही सेकंदांची धाव, मग थांबणे, मग पुन्हा उसळी. म्हणून चार वर्षांच्या मुलाचे बोट धरून त्यास 'वॉक'ला नेणारे हौशी वडील लवकरच त्यास कडेवर घेऊन परततात. आपल्या जुन्या खेळांची रचना मात्र नेमकी या स्वभावावर बेतलेली आहे. शिवणापाणी, लपाछपी, डोंगराला आग लागली, या सर्वांत धाव आणि विसावा आलटून पालटून येतात आणि कोणी घड्याळ लावीत नाही. उडी मारून जमिनीवर आपटताना हाडांवर जो भार पडतो त्याने हाडे घट्ट होतात. एका पायावर तोल सावरताना मेंदू, कान आणि घोटा यांची जोडणी पक्की होते. पुकारा ऐकून अर्ध्या क्षणात दिशा बदलणे म्हणजे मनास लगाम घालावयास शिकणेच आहे. शाळेच्या पहिल्या वर्षात लिहिण्यापूर्वी याच गोष्टी लागतात.

खेळ वयास साजेसा मात्र हवा. साधारण दोन-अडीच वर्षांचे मूल दोन्ही पायांनी जागच्या जागी उडी मारू लागते. त्याच्यासाठी बेडूक, घोडा, ससा यांच्या नकला पुरेत. 'चिमणी उड, कावळा उड' हा बैठा खेळ आम्ही उभ्याने घेतो. नुसते बोट उचलण्याऐवजी हात पसरून उडी घ्यावयाची, आणि 'म्हैस उड' म्हटले की जो उडाला त्याची गंमत. एका पायावर उड्या मारणे बहुतेकांना चार वर्षांच्या सुमारास जमू लागते, तेव्हा त्याआधी लंगडीचा आग्रह धरू नये. चेंडू झेलणे त्याहून अवघड. लहानग्यांना जुन्या कापडाचा मऊ चेंडू द्यावा, तो मंद उडतो आणि तोंडावर आला तरी लागत नाही. लगोरी पाच-सहा वर्षांपुढील मुलांची. तिच्यात नेम, धाव, वाकणे आणि रचणे, असे चार व्यायाम आहेत. मुलींची फुगडी व झिम्मा आम्ही मुलग्यांनाही शिकवितो. त्यावर काही आजोबांनी प्रथम भुवया उंचावल्या होत्या. एक सावधगिरी येथेच नोंदवितो : दोन-तीन वर्षांच्या बालकास मोठ्या माणसाने हात धरून गरगर फिरवू नये किंवा हाताने झोका देऊ नये. या वयात कोपराचे हाड सांध्यातून सहज सरकते. कौतुकाने झोका दिला आणि मूल हात हलवीना म्हणून धावत आलेले मामा-काका आमच्या अपघात विभागास अपरिचित नाहीत.

खेळांची निवड करताना आणखी एक गोष्ट आम्हास उमगली. ज्या खेळात हरणारा 'बाद' होऊन बाजूस बसतो, त्यात सर्वांत आधी कोण बसते? जे मूल जड आहे, अशक्त आहे, बुजरे आहे ते. म्हणजे ज्यास हालचालीची गरज सर्वाधिक, त्याच्या वाट्यास बैठक सर्वाधिक. संगीत खुर्ची हा स्नेहसंमेलनाचा लाडका खेळ या दृष्टीने अगदी कुचकामी. याउलट विष-अमृत पाहा. ज्यास विष दिले तो जागीच थिजतो, पण सवंगड्याने स्पर्श करून अमृत दिले की पुन्हा धावू लागतो. साखळीत पकडला गेलेला मुलगा पकडणाऱ्यांचा हात धरतो आणि खेळातच राहतो. तळ्यात-मळ्यातचा नियम आम्ही थोडा बदलला. जो चुकेल त्याने बाद होण्याऐवजी पुढचा पुकारा करावयाचा. त्यामुळे चुकण्यास मुले घाबरत नाहीत; काही तर मुद्दाम चुकतात.

आणि मग आपला लिंबूटिंबू. मोठ्या मुलांच्या खेळात धाकटे भावंड घुसते, तेव्हा त्यास हाकलून न देता 'हा लिंबूटिंबू' असे जाहीर करावयाचे, म्हणजे तो सर्वांबरोबर धावेल पण त्याच्यावर राज्य येणार नाही. ही सवलत कोणत्या पंडिताने शोधून काढली हे कोणी सांगू शकणार नाही, पण व्यायामतज्ज्ञांना याहून उत्तम योजना सुचविता येईल असे आम्हास वाटत नाही. प्लास्टर नुकतेच निघालेले, दीर्घ आजारातून उठलेले किंवा चालण्यात मंद असलेले मूल आमच्या अंगणात लिंबूटिंबू असते. गेल्या पावसाळ्यानंतर आठवणीत राहिलेला प्रसंग असा : मांडीचे हाड मोडून बरी झालेली सहा वर्षांची एक मुलगी व्यायामोपचार कक्षात पाय टेकावयास तयार नव्हती. दुखेल या भीतीने ती रडे. तिला अंगणात आणून बसविले. तिसऱ्या दिवशी साखळीतील मुलांनी तिला विचारले की तू लिंबूटिंबू होतेस का? ती भिंत धरून उठली. आमच्या व्यायामोपचार तज्ज्ञांनी त्यानंतर आपले निम्मे काम अंगणात हलविले.

पालकांच्या मनातील भीती मात्र खेळाने जात नाही, ती बोलूनच घालवावी लागते. घाम आला की सर्दी होते, ही समजूत फार खोल आहे. सर्दी विषाणूंमुळे होते, घामाने नव्हे. ओले कपडे बदलावेत आणि पाणी पाजावे, एवढे पुरे. दम्याच्या मुलास खेळू देऊ नये, ही दुसरी. डॉक्टरांनी सांगितलेले औषध नियमित चालू असेल तर दमेकरी मुलानेही खेळावे. खेळण्याआधी फवाऱ्याची गरज आहे का ते त्यांना विचारावे. परंतु खेळताना ओठ निळे पडणे, छातीत दुखणे, भोवळ येणे यांपैकी काही घडले तर खेळ तत्काळ थांबवून मूल डॉक्टरांना दाखवावे. येथे कौतुकाने धीर देऊ नये. गोट्या, चिंचोके, सागरगोटे तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच खेळावे. डेंग्यूचा डास दिवसा, विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वी चावतो. पावसाळ्यात अंगभर कपडे घालावेत.

उघड्यावर खेळण्याचा एक लाभ डोळ्यांनाही आहे. चीनमधील ग्वांगझाऊ शहरात पहिलीतील मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे अधिक वेळ बाहेर काढण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टीचा दोष नव्याने जडला, तर नेहमीप्रमाणे वर्गात राहिलेल्या मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांना. दोष पुरता टळला नाही, पण ४० मिनिटांच्या मोबदल्यात हा लाभ थोडा नव्हे.

अंगण हे बालशिक्षणाचे स्थान आहे ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील, आताच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासमवेत होत्या. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. शहरांत मात्र अंगण हा शब्दच उरला, जागा गेली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेस क्रीडांगण असावे असे सांगितले, पण तो कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा; त्याहून लहान मुलांच्या वाट्यास सोसायटीतील दोन मोटारींमधील फट येते.

आता मूळ प्रश्नाकडे. मागील जागेत सुमारे वीस मोटारी उभ्या राहू शकतील, हे आम्ही मोजून पाहिले आहे. प्रवेशद्वाराबाहेर वाहने लावताना नातेवाइकांचे हाल होतात, हेही खरे आहे, विशेषतः रात्री प्रसूतीसाठी येणाऱ्यांचे. त्याची गैरसोय आम्ही नाकारीत नाही. परंतु विश्वस्त-पत्रातील पहिले उद्दिष्ट 'वैद्यकीय साहाय्य' हे आहे आणि आमच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलेले औषध ज्या एकमेव ठिकाणी मिळते ते ठिकाण बुजविणे आमच्या हिशेबात बसत नाही. कर्मचाऱ्यांच्या दुचाकी पूर्वेकडील भिंतीलगत हलविण्याचा आणि मोकळी होणारी पुढील जागा केवळ तातडीच्या रुग्णांच्या वाहनांसाठी राखण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. निर्णय मंडळाचा.

खर्चाविषयी विचारणा झाली होती. चुना, दोरी, कापडी चेंडू, लगोरीचे लाकडी तुकडे आणि वर्षातून दोनदा माती, इतका खर्च असल्याने तो ताळेबंदात स्वतंत्र दिसत नाही. 'किरकोळ खर्च' या सदरात तो सापडेल. घसरगुंडी मात्र 'साधनसामग्री' सदरात अद्याप आहे आणि तिच्यावर दरवर्षी घसारा लागतो. जमिनीवर सिमेंटचे ठोकळे बसवून देण्याची एका हितचिंतकांची तयारी आम्ही आभारपूर्वक नाकारली. मातीवर पडलेले मूल उठून पुन्हा धावते, ठोकळ्यांवर पडलेले आमच्या टाके घालण्याच्या खोलीत येते.

अंगण सोमवार ते शनिवार सकाळी ८ ते १० आणि सायंकाळी ५ ते ६.३० या वेळेत उघडे असते व रुग्ण नसलेल्या, परिसरातील मुलांनाही मोफत खुले आहे. मुलासमवेत एक मोठे माणूस असणे आवश्यक. ज्यांना वस्तुरूपाने साहाय्य करावयाचे आहे त्यांनी कृपया बॅटरीवर चालणारी खेळणी पाठवू नयेत. जुन्या सुती साड्या पाठवाव्यात. त्यांचे चेंडू आणि रस्सीखेचीचे दोर आमच्या परिचारिका भगिनी दुपारच्या निवांत वेळी स्वतः तयार करतात.